दादाने वाचलेलं कॉमिक

रद्दीच्या दुकानात ते जुनं कॉमिक दिसलं आणि कुंदा हरखून गेली. मुखपृष्ठावर तिचा लाडका सुपरहिरो उभा होता, हातात काठी, एक पाय तिच्यासारखाच अधू. लहानपणी दादा हे इंग्रजी कॉमिक तिला मराठीत वाचून दाखवायचा. शेवटच्या पानावर पोलीस हिरोला सत्काराला घेऊन जायचे.

आज तिने ते पहिल्यांदाच स्वतः वाचलं. सत्कार कसला, अटक होती ती! तिचा हिरो चक्क खलनायक निघाला.

तिने तिथूनच फोन लावला. “दादा, तुला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, हो ना?”

“चांगलं येत होतं,” दादा हसला. “पण पहिल्याच पानावर तू त्याच्या पायावर बोट ठेवून विचारलंस, ‘हा जिंकतो ना रे?’ मग त्याला हरवायची माझी काय बिशाद!”