दहा वेळा लिही

ऑपरेशनच्या कागदावर सही करायची तर दवाखान्याचं अर्थबटण कानात घालणं सक्तीचं होतं. इंग्रजी शब्दावर बोट ठेवलं की ते मराठीत अर्थ सांगे, आणि कायद्याने तोच खरा. निवृत्त शिक्षिका खरातबाईंनी ‘रिस्क’वर बोट ठेवलं.

“किंचित गैरसोय,” बटण लाडीगोडीने म्हणालं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत नवरा स्ट्रेचरवर होता आणि समोरचा डॉक्टर त्यांच्याच पाचवीच्या वर्गातला जुना विद्यार्थी.

“प्रल्हाद, रिस्क म्हणजे किंचित गैरसोय? मी हाच अर्थ शिकवला होता?”

“बाई, आता बटण सांगेल तोच अर्थ,” तो खाली बघत म्हणाला.

बाईंनी बटण काढून टेबलावर ठेवलं, कागद उलटा केला आणि पेन त्याच्या हातात दिलं.

“रिस्क म्हणजे जिवाला धोका. दहा वेळा लिही. मग मी सही करते.”