न उडणारा चतुर

नवऱ्याने काढलेले चतुराचे फोटो जग वाखाणायचं. बायकोच्या मनात मात्र ते पाहताना पाल चुकचुकायची. चाहूल लागताच उडणारा कीटक याच्याच लेन्सपुढे इतका शहाण्यासारखा कसा बसतो? म्हणून ती हट्टाने जंगलात सोबत आली. ओढ्यापाशी तो म्हणाला, “तू पुढे हो. तुझ्या पावलांनी ते बिचकतात.” वळणाआड थांबून ती पाहू लागली. त्याने पिशवीतून बर्फाचा डबा काढला, त्यातला गारठून निपचित पडलेला चतुर चिमटीत धरून काडीवर बसवला आणि कॅमेरा डोळ्याला लावला. तडक येऊन तिने काडी उन्हात धरली. “अगं, ऊब लागली तर उडेल तो.” “उडू दे.” हळूहळू पंख थरथरले; चतुर डगमगत उडाला. नवरा चरफडला, “चांगला फोटो घालवलास.” तिने विचारलं, “आणि भिंतीवर लावलेस ते? ते उडाले होते?” तो लेन्स पुसू लागला.