खोटी ओरड

"घरात माणसं दोन, अन् दोघींच्याबी भाकरी गार. असं कुठं असतंय का?" गिरिजाबाई स्वयंपाकघरात पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे काय, बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसलेल्या सुनेला नीट ऐकू जाईल अशा बेतानं.

"आई, तुम्ही बसा ना जेवायला. माझं थोडंच राहिलंय," गंधाली म्हणाली.

"सून उपाशी अन् मी गिळत बसू व्हय?"

सासूच्या आधी ताटावर बसणं गंधालीच्याही जिवावर यायचं. त्यामुळे अंबडच्या त्या घरात दुपारचं जेवण रोजच रखडायचं.

गंधालीचे डोळे चुरचुरत होते. सकाळपासून एकाच इशाऱ्याशी झटापट चालली होती. कारखान्यातल्या एका यंत्राचा ड्रायव्हर ती लिहीत होती, म्हणजे यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यात बोलणी करून देणारा प्रोग्रॅम. यंत्रात एक मोठी पेटी, तिच्या पोटात लहान पेट्या. कामाला हात घालताना आधी मोठीला कुलूप लावायचं, म्हणजे मध्येच दुसरं कुणी हात घालणार नाही, मग लहानीला. कुलपं सगळी एकाच बनावटीची. ती बघून ऑपरेटिंग सिस्टिमचा चुका हेरणारा पहारेकरी बोंब मारत होता: एक कुलूप धरून तसलंच दुसरं मागताय, कुणी उलट्या बाजूनं आलं तर दोघं एकमेकांची वाट बघत जन्मभर अडकतील. डेडलॉक!

उलट्या बाजूनं कुणी येतच नव्हतं. गंधालीनं एकेक वाट स्वतः चालून पाहावी तशी तपासली होती. ओरड खोटी होती.

फोनवर पुण्याहून मुकुल होता, तिचा वरिष्ठ. वयानं लहान, म्हणून तो तिला मॅडम म्हणायचा. "मॅडम, एका ओळीचं काम आहे. त्या कुलपांची तपासणीच बंद करून टाका. बसेल गप्प."

"आज गप्प बसवला, तर उद्या खरंच काही अडकेल तेव्हाही गप्पच बसेल. त्याला दोन्ही कुलपं सारखी दिसतात, म्हणून ओरडतोय बिचारा. ही वरची, ही खालची, एवढं सांगते त्याला."

"सांगा. पण संध्याकाळपर्यंत द्या. आणि ते दुसरं उत्तरही आजच हवंय. वरचे माझ्यामागे लागलेत."

"हो," गंधाली हळूच म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे बघून फोन ठेवला.

दुसरं उत्तर म्हणजे, घरून काम बंद. पुण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं, नाहीतर नोकरी सोडायची. तिचा नवरा वरद तिथंच एका भाड्याच्या खोलीत राहत होता. दोघांनाच वळायला जागा नव्हती तिथं. महिनाभर नवरा-बायकोचं फोनवर एकच चाललं होतं. "तू सांग आईला, तू जवळ आहेस." "आई तुझी आहे, तू सांग." आई येते म्हणाल्या, तर ठेवायचं कुठं? आणि नाही नेत म्हटलं, तर त्यांना काय वाटेल? त्या भीतीपोटी दोघंही गप्प. गिरिजाबाईंनीही कधी काही विचारलं नाही.

त्या आता दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "कुणाला समजावून राह्यली एवढी?"

"मशीनला, आई. उगाच घाबरलंय."

"मशीनला बराबर समजावती," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि टेबलावर नसलेली धूळ पदरानं पुसायला लागल्या.

गंधालीनं मान खाली घालून खालच्या कुलपाला वेगळी पायरी दिली. पुढच्या माणसासाठी टीप लिहिली: आधी मोठी पेटी, मग लहान, उलट कधीच नाही. प्रोग्रॅम चालवला. पडदा शांत. पहारेकरी जागा होता, पण ओरडला नाही. तिला बरं वाटायला हवं होतं. तिनं नुसती खुर्चीला पाठ टेकली.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर वरदचं नाव गिरिजाबाईंनीही वाचलं.

"उचल की. अन् आवाज मोठा कर, मलाबी ऐकू दे."

गंधालीनं फोन उचलला, स्पीकरवर टाकला. 'आई इथंच आहेत' म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण वरद तिच्याही आधी बोलून गेला. "काय गं, बोललीस का आईशी?"

गंधाली घाईनं म्हणाली, "आई ऐकतायत, वरद."

गिरिजाबाई बाजेवर बसल्या. गुडघे चोळले.

"ती न्हाई बोलली. तूबी न्हाई. मंग मीच बोलते. महिनाभर तुमचं फोनवरचं ऐकून राह्यले मी. तुमच्या त्या खोलीत मला जागा न्हाई, म्हणून दोघांच्याबी तोंडाला कुलपं. अरे, मला यायचंच न्हाई. मी काय करू तिथं? इथं माझं दार हाय, पलीकडं नंदाबाई हाय. हिला घेऊन जा खुशाल."

"आई, तसं नाही गं…" वरद म्हणाला.

"तसंच हाय." गिरिजाबाईंचा आवाज चढला नाही, उलट खालीच आला. "पण 'आई, चल' असं एकदा म्हणायचं रे. न्हाईच म्हणले असते मी. पण म्हणायचं."