गाळलेली ओळ

मठातल्या लेखनिक साबासने उतरवलेल्या येशूच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक पोथीतल्या चर्मपत्रावर गुरुजींनी बोट आपटलं. "ही ओळ कुठून आणलीस? मी लिहिलेल्या मूळ पोथीत ती नाही. माकडाच्या हाती लेखणी दिली की असंच व्हायचं."

"तुमच्याकडून ती गळली होती, गुरुजी. येशूचंच वचन आहे ते, 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही.'"

"माझ्याकडून? लेखणी ठेव. उद्यापासून तबेल्यात खेचरांची लीद काढ." गुरुजींनी चाकूने ती ओळ खरवडली आणि जोरात फुंकर मारली. भुकटी त्यांच्याच डोळ्यात गेली. "बघ रे, काय गेलंय."

वीस वर्षांची लेखणी गेलीच होती, आता साबासला कसली भीती? "कुसळच असणार, गुरुजी," तो म्हणाला. "मुसळ असतं तर तुम्हाला कळलंसुद्धा नसतं."