अर्धा अंश

"एकतीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता तापमान मीच वाचलंय," निरीक्षक ताडकन म्हणाले. "डोळ्यांत तेल घालून!"

विद्यापीठातून आलेल्या हवामानाच्या सरांना ते काही पटेना. आसपासच्या सगळ्या केंद्रांशी ताडून झालं होतं. गेली आठ वर्षं फक्त इथलंच तापमान अर्धा अंश जास्त. तापमापी तीच, ती ठेवायची अंगणातली झडपांची पेटी तीच. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

"घरात बसून ठोकून दिलेत आकडे," ते सोबतच्या बाईंच्या कानाशी पुटपुटले. "कारण सापडलं नाही, तर एकतीस वर्षांच्या वह्या बाद."

बाई समाजशास्त्राच्या. माणसांशी बोलत बसणं हेच यांचं संशोधन, म्हणून सर त्यांच्यावर आधीच वैतागलेले. बाईंनाही संशय होताच, पण वेगळाच. निरीक्षकांच्या बायकोनं चहाचा कप नवऱ्याच्या हातात दिला, त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवली, मगच हात काढला. आणि वहीतले अलीकडचे आकडे पार रकान्याबाहेर गेले होते.

"काकू, आजचं तापमान तुम्ही सांगता का?"

"तिला काय कळतंय त्यातलं!" निरीक्षक ओरडले. जरा जास्तच जोरात.

काकू अंगणात गेल्या. पेटी ताडमाड नवऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसवलेली. काकूंनी टाचा उचलल्या, हनुवटी वर केली.

"साडेअठ्ठावीस."

सरांनी समोरून पाहिलं. अठ्ठावीस. मग ते गुडघ्यांत वाकले आणि काकूंसारखं खालून पाहिलं. पारा मागच्या पट्टीवरच्या साडेअठ्ठावीसच्या रेघेला टेकला.

"अरेच्चा! अर्धा अंश वजा केला की झालं. वह्या वाचल्या!"

दारात निरीक्षक चौकट धरून उभे होते. कुणाकडे पाहावं ते त्यांना समजत नव्हतं. "दिसत नाही म्हटलं असतं तर काम काढून घेतलं असतं हो," ते म्हणाले.

सरांचा राग मात्र अजून उतरला नव्हता. "अहो काकू, आठ वर्षं! एक साधं स्टूल ठेवायचं ना पेटीपाशी!"

"स्टूल होतं की घरात," काकू पदरानं तापमापीची काच पुसत म्हणाल्या. "पण ते इथं दिसलं असतं, तर वाचतंय कोण हे गल्लीभर झालं नसतं का?"