मागची भिंत

भाड्याने देण्यासाठी घर विकत घ्यायला निघालेल्या नवरा-बायकोने सोबत इंजिनिअर आणला होता. मागच्या खोलीची भिंतच घरामागच्या उताराची सगळी माती अडवून धरत होती, म्हणून तो थेट तिथेच गेला. त्याने ओळंबा सोडला, पोरांचा पलंग सरकवून पाहिला. मागे लांबलचक आडवी भेग होती.

"भिंतीला पोट आलंय. मागच्या पाण्याला वाटच नाही. ही कधीही आत येईल. घेऊ नका."

"थोडक्यात वाचलो बाई!" बायको म्हणाली. चपला घालून दोघं निघालीसुद्धा.

इतका वेळ बॅटरी धरून उभी होती ती इथली भाडेकरू, शिवणकाम करणारी बाई. इंजिनिअर जाता जाता तिला म्हणाला, "तुम्हीही बघा दुसरीकडे कुठेतरी." जशा काही खोल्या तिचीच वाट बघत बसल्या होत्या!

तिने आपल्या पोरांचा पलंग ओढत ओढत पार समोरच्या भिंतीला नेऊन लावला. मग घरमालकाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आलोच."

तिला वाटलं, गवंडी घेऊन येईल. तो एकटाच आला. भेगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग वळून अगदी मायेने म्हणाला,



"ताई, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. पोरांचा पलंग परत इथेच लावा. भेग झाकली जाते."