बाराव्या पोथीची समाप्ती

बाराव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर अग्निबाण सूर्यात पडला, आतली सातही माणसं जळाली आणि गोविंदानं पुस्तक मिटलं. त्याचा घसा बसला होता, डोळे चुरचुरत होते. मळवलीच्या बंगल्याच्या ओट्यावर बसलेल्या सहा बायांतली एकही उठली नाही.

बंगला साहेबांचा, राखण गोविंदाची. "कपाटातल्या ह्या बारा विज्ञानकादंबऱ्या नाताळापर्यंत वाचून काढ," साहेब म्हणाले होते. "येऊन विचारीन. नीट सांगितलंस तर कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटवतो." इंग्रजीतून मराठीत आलेली जुनी, नावाजलेली पुस्तकं. पण मोठ्यानं वाचल्याशिवाय गोविंदाच्या डोक्यात शिरत नसे. भात झोडून मोकळ्या झालेल्या बाया आवाज ऐकून ओट्यावर आल्या. पहिल्या दिवशी बायडाबाईनं पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, दुसऱ्या दिवशी खाली पाट सरकवला, आणि तिसऱ्या दिवसापासून पान गाळायची सोय राहिली नाही. मंगळावरच्या हवेची चौदा पानं त्यानं एकदा उडवून पाहिली. पारायणात खंड पडला म्हणून बायांनी ती पोथी पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतली.

"ही काय समाप्ती झाली?" बायडाबाई म्हणाली.

"मावशी, असंच छापलंय."

"चंद्रावरची आली न्हवं माघारी? मग ह्यास्नी काय धाड भरली?"

"ते खरं व्हतं, मावशी. ही कादंबरी हाय."

"मग तर आणाया सोपं."

"आगं, दमलाय त्यो," शेजारी बसलेली येसूबाई म्हणाली.

"दमला तर पानी पिऊ दे."

बायडाबाईचा नवशा बोटीवर खलाशी म्हणून गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. पत्र नव्हतं. बाराही पोथ्या पुऱ्या ऐकेन, पोराला माघारी आण, असं ती देवाला बोलली होती. ही गोष्ट वाडीत देवाखेरीज सगळ्यांना माहीत होती.

गोविंदा पाणी प्याला. त्यानं पुस्तक उघडलं आणि मागच्या कोऱ्या पानावर बोट ठेवून वाचायला लागला.

"मग सूर्याच्या अलीकडं वारा फिरला. अग्निबाण वळला. कार्ल्याच्या डोंगराला वळसा घालून मळवलीच्या खाचरात टेकला. सातही जण उतरले. पायांना धसकटं टोचली, तेवढंच."

बायांनी हात जोडले. फाटक वाजलं. साहेब आले, बॅग ठेवली आणि पायरीवर बसून बूट सोडायला लागले.

"झाली का रे बारा? बाराव्याचा शेवट सांग बघू."

गोविंदानं साहेबांकडं पाहिलं. मग बायडाबाईकडं. ती समाप्तीचा नारळ उचलून थांबली होती.

"परत आले, साहेब. सगळे. हितंच उतरले."

साहेबांचा हात बुटाच्या नाडीवर थांबला. "म्हणजे तू वाचलंच नाहीस."

गोविंदानं पुस्तक मिटून पाटावर ठेवलं.

बायडाबाईनं पायरीच्या कडेवर नारळ फोडला, खोबऱ्याचा पहिला तुकडा साहेबांपुढं धरला आणि म्हणाली, "घ्या साहेब. समदी सुखरूप आली."

साहेबांनी तुकडा घेतला. ठेवायला कुठं जागा दिसेना, म्हणून खाल्ला.